देवाचा दरबार, मुक्काम सातारा

1917 साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनचं काम सोडलं, नगरचं बिऱ्हाड मोडलं आणि साताऱ्याची वाट धरली. वय पंचावन्न. बाप्तिस्मा घेऊन बावीस वर्षं झालेली. कवी म्हणून महाराष्ट्रभर नाव होतं, ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचं संपादन हाती होतं, ख्रिस्ती मंडळ्यांत दर रविवारी गायली जाणारी कितीतरी पदं त्यांचीच होती. अशा माणसानं मिशनचा पगार नको म्हटलं, आपण आता संन्यासी आहोत असं जाहीर केलं आणि साताऱ्यात एक बंधुसमाज उभा करायला घेतला. त्याचं नाव ठेवलं ‘देवाचा दरबार’. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सगळ्यांसाठी हा दरबार होता. त्यात बाप्तिस्मा झालेले येतील, न झालेलेही येतील आणि दोघांचा मान सारखाच राहील, अशी त्याची मांडणी होती.

यात एवढं काय, असं आज वाटेल. त्या काळच्या मंडळीला मात्र पायाखालची जमीन सरकल्यासारखं झालं. बाप्तिस्मा म्हणजे नुसता डोक्यावर पाणी घेण्याचा विधी नव्हता. मिशनच्या वहीत नाव चढलं, की जातीच्या पंगतीतून ते कायमचं उठायचं. उच्चवर्णीय घरात तर बाटलेला मुलगा मेलाच असं समजायचे. टिळकांनी स्वतः ही किंमत मोजली होती. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशानं त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थबकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढची काही वर्षं नवरा-बायकोचा संसार तुटला. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन सासर-माहेरच्या माणसांत राहिल्या. बाप्तिस्म्यापायी ज्याची बायकामुलं दुरावली, तोच माणूस बावीस वर्षांनी म्हणत होता की ख्रिस्ताच्या घरात यायला हेच एक दार नाही. सवलत मागणाऱ्या काठावरच्या माणसाचं हे बोलणं नव्हतं. म्हणून ते उडवून लावता येत नव्हतं.

सातारा हे गाव मिशनच्या नकाशावर जुनंच. 1848 साली छत्रपतींचं राज्य खालसा झालं आणि त्यानंतर लवकरच बोस्टनच्या अमेरिकन बोर्डानं तिथं ठाणं दिलं. खालच्या अंगाला, कोल्हापुरात, 1852 साली रॉयल वाइल्डर आले. त्यांचं काम पुढे अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळानं स्वीकारलं आणि त्याच मंडळानं 1884 साली सांगलीला, 1892 साली मिरजेला ठाणं केलं. एकमेकांच्या मुलखात पाय टाकायचा नाही, असा मिशनांचा आपसातला करार असे. त्यामुळे साताऱ्याकडचा ख्रिस्ती तो काँग्रिगेशनल आणि सांगलीकडचा तो प्रेस्बिटेरियन. वरची मुलगी खालच्या गावात दिली, की तिचा पंथ बदलला. पुढे 1949 साली जो दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 साली ज्याला सांगली हे नाव मिळालं, त्या सलग मुलखातल्या, एकाच कृष्णेचं पाणी पिणाऱ्या माणसांमधली ही रेघ बोस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये बसून ओढलेली होती.

टिळकांना ही रेघ खुपायची. त्याहून जास्त खुपायचं ते साहेबांचं मायबापपण. परदेशी मिशनरी मंडळीचे आईबाप होऊन बसतात, भाऊ होत नाहीत, ही त्यांची तक्रार जुनी होती आणि त्यांनी ती लिहून-बोलून दाखवली होती. शेजाऱ्यावर प्रीती करा हे ज्यांनी शिकवलं, त्यांच्याच बंगल्याच्या ओसरीवर देशी पाळकानं किती वेळ उभं राहायचं, हा प्रश्न त्या काळात अनेकांच्या मनात होता. मद्रासेत 1886 साली आणि कलकत्त्यात 1887 साली स्वतंत्र देशी चर्चचे प्रयत्न झाले होते, कालीचरण बॅनर्जींचा ‘क्रिस्तो समाज’ त्यातलाच. टिळकांचा दरबार या माळेतला म्हणता येईल, पण त्याचा गाभा वेगळा होता. साहेबाच्या जागी देशी माणूस बसवणं एवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं. तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापाशी पोचलो असं ते मानत. मग त्याच वाटेवरच्या दुसऱ्या वाटसरूला, त्याचं नाव कोणत्या वहीत आहे ते पाहून, शेजारी मानायचं की नाही ते कसं ठरवणार?

शेजारी कोण, हा प्रश्न शुभवर्तमानातला आहे. एका शास्त्र्यानं तो येशूला विचारला आणि उत्तरात येशूनं चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली. ती गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक रविवारच्या शाळेत सांगितली जाते. पण या मुलखाला मला वाटतं दुसरी गोष्ट जास्त लागू पडते. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शोमरोनातल्या एका विहिरीवर थकून बसलेला आहे आणि पाणी भरायला आलेल्या बाईकडे तो प्यायला पाणी मागतो. ती चकित होते. तू यहूदी, मी शोमरोनी, आमच्या भांड्याला तुम्ही शिवत नाही, मग माझ्याकडे पाणी कसं मागतोस? पॅलेस्टाईनमधल्या या विहिरीचा अर्थ सातारा-सांगलीकडच्या माणसाला समजावून सांगायची गरज नव्हती.

साताऱ्यापुरतंच पाहा. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात एका महार सुभेदाराच्या मुलाचं नाव घातलं गेलं. पुढच्या वर्षी हाच भिवा, थोरला भाऊ आणि भाचे यांच्यासोबत साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाला. अंगावर नवे कपडे, डोक्याला जरीची टोपी, आगगाडीत बसण्याचा आनंद. मसूर स्टेशनावर उतरल्यावर स्टेशनमास्तरला मुलांची जात कळली आणि तो पावलं मागे सरकला. गाडीवाले यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं कबूल करून, गाडी मुलांनीच हाकायची या बोलीवर एक बैलगाडी मिळाली. डबा भरून जेवण बरोबर होतं, पण ते घशाखाली उतरवायला पाणी कोणी देईना. रात्री टोलनाक्यावरच्या माणसाकडे मुसलमान असल्याचं सांगून पाणी मागितलं, तिथंही नकारच. मुलं उपाशीच झोपली. बाबासाहेब आंबेडकरांनी ही हकीकत पुढे स्वतः लिहून ठेवली. अस्पृश्यता कळायची तेव्हा कळत होतीच, पण त्या प्रवासानं तिचा जो धक्का बसला तो कधी विसरलो नाही, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे.

साधारण याच सुमाराला नगर जिल्ह्यात लक्ष्मीबाई टिळक पाण्याच्याच प्रश्नाशी झगडत होत्या, फक्त दुसऱ्या बाजूनं. त्यांच्या वडिलांचं सोवळं ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला आठवत असेल. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, बायकामुलांचा जीव त्या धुण्यापुसण्यानं मेटाकुटीला आलेला. असल्या घरातून आलेली ही बाई नवऱ्याकडे परत आली खरी, पण ख्रिस्ती वस्तीत तिनं आपली चूल वेगळी मांडली आणि पाणी वेगळं भरलं. नवऱ्यानं जबरदस्ती केली नाही. तिचं सोवळं सांभाळायला लागेल ती सोय तो करून देत असे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. टिळकांनी शेजारधर्माचा पहिला धडा घरातच गिरवला, आणि त्यात शेजारी होती ती त्यांचीच सोवळी बायको.

मग एक दिवस लक्ष्मीबाईंच्या मनात प्रश्न आला, की या जाती देवानं केल्या का माणसानं? उत्तर त्यांचं त्यांनाच मिळालं, आणि आता आपण कोणाच्याही हातचं खाऊ-पिऊ असं त्यांनी ठरवून टाकलं. बाप्तिस्मा नंतर आला, पाणी आधी आलं. दुष्काळात आणि प्लेगात उघड्यावर पडलेली पोरं टिळक घरी आणत आणि त्यांना न्हाऊमाखू घालून जेवायला वाढायचं काम लक्ष्मीबाईंवर पडे. नात्यागोत्याचा विचार न करता माणसं आणणारा नवरा आणि पिठाच्या डब्यात हात घालून आज पुरेल का ते पाहणारी बायको! टिळकांच्या थोरवीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. तिचा हिशेब या दुसऱ्या हातानं चुकता केला.

तिकडे मिरजेत हाच प्रश्न रोग्यांच्या खाटांवरून सुटत होता. विल्यम जेम्स वॉनलेस हा कॅनडात जन्मलेला डॉक्टर 1889 साली हिंदुस्थानात आला, आधी सांगलीत दवाखाना चालवून 1892 साली मिरजेत गेला. मिरज हे पटवर्धनांचं संस्थान, ब्राह्मण राजाचं. गावात मीरासाहेबांचा दर्गा, अंबाबाईचं देऊळ, तंतुवाद्यं घडवणाऱ्या शिकलगारांची आळी. संस्थानानं मिशनला जागा दिली, फिलाडेल्फियाच्या जॉन कन्व्हर्स यांनी पैसा दिला आणि 1894 साली इस्पितळ उघडलं. मोतीबिंदू काढल्यावर दिसायला लागतं ही बातमी सगळ्या मुलखात पसरली आणि माणसं गाड्या जोडून यायला लागली. त्या काळच्या मिशन दवाखान्यांत काय अडचण असे, ते सहज समजण्यासारखं आहे. पातळ औषधात पाणी असतं, आणि ते कोणी घातलं असा प्रश्न येई. रोग्याचं जेवण त्याची माणसं वेगळ्या चुलीवर रांधत. पण भूल दिलेल्या ब्राह्मणाच्या पोटावर टाके घालताना डॉक्टरच्या हाताखाली उभा असलेला साहाय्यक कोणत्या वस्तीतून आला, हे विचारायला तो ब्राह्मण शुद्धीवर नसे, आणि शुद्धीवर आल्यावर विचारावंसं त्याला वाटत नसे.

1897 पासून वॉनलेसनं तिथंच ख्रिस्ती तरुणांना वैद्यकीचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. वेगवेगळ्या मिशनांचे, वेगवेगळ्या पंथांचे विद्यार्थी मिरजेत एकत्र शिकायला लागले. पंथांच्या ज्या रेघा उपासनेत पुसल्या जात नव्हत्या, त्या शस्त्रक्रियेच्या खोलीत आपसूक पुसट झाल्या. कुष्ठरोग्यांसाठी रिचर्डसन कुष्ठालय उभं राहिलं. क्षयरोग्यांना तर सख्खे नातेवाईकही दूर ठेवत. त्यांच्यासाठी सांगली-मिरजेच्या मधे आरोग्यधाम झालं आणि त्या जागेचं नावच वॉनलेसवाडी पडलं. 1928 साली सर ही पदवी घेऊन डॉक्टर निवृत्त झाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा त्यांच्यावर लोभ होता. वॉनलेस यांची कथा सरळ आहे, यशाची आहे आणि सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तिच्यापाशी जास्त थांबत नाही. आजाऱ्याची सेवा करताना कोण शेजारी हा प्रश्न लवकर सुटतो. बरं झाल्यावर, एका पंगतीला बसायची वेळ आल्यावर, तो पुन्हा उभा राहतो. टिळकांनी हात घातला तो तिथं.

दरबाराचं दैनंदिन कामकाज ते काय! भजन, कीर्तन, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलणं. अभंग आणि ओवी ही टिळकांची जन्मभाषा. ख्रिस्ताला मराठी संतपरंपरेत बसवण्याचा त्यांचा यत्न ‘अभंगांजली’त आहे, अर्धवट राहिलेल्या ‘ख्रिस्तायना’त आहे. कवी म्हणून त्यांच्याभोवती हिंदू तरुण कायम असत. बालकवी ठोंबरे टिळकांकडे घरच्यासारखे राहिलेले, लक्ष्मीबाईंनी मुलासारखी माया केलेले. त्यांना कोणी धर्म बदल म्हटलं नाही, आणि बदलला नाही म्हणून कोणी दूर केलं नाही. दरबार म्हणजे टिळकांच्या घरात कित्येक वर्षं चालत आलेल्या या रीतीला दिलेलं नाव होतं. 5 मे 1918 रोजी जळगावजवळ भादली इथं रेल्वेखाली सापडून ठोंबरे गेले, अवघ्या सत्तावीस वर्षांचे.

मिशनमधल्या मित्रांना टिळकांच्या प्रेमाबद्दल शंका नव्हती. काळजी होती ती मंडळीची. बाप्तिस्मा न घेताही ख्रिस्ताचा शिष्य होता येतं असं टिळकांसारखा माणूस म्हणायला लागला, तर ज्यांनी घरदार सोडून बाप्तिस्मा घेतला त्यांनी ते कशासाठी सोडलं? हा आक्षेप पोकळ नव्हता. त्याच्यापुढे जाऊन आणखी एक आक्षेप घेता येतो, आणि तो मला जास्त टोचतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या मंडळ्या बहुतेक महार-मांग समाजातून आलेल्या. देवळाच्या पायरीपाशी ज्यांना थांबवलं होतं, त्यांनी त्या पायरीकडे पाठ फिरवून बाप्तिस्मा घेतला. गावानं ठेवलेलं नाव टाकून योहान, पौल, मार्था ही नावं घेतली. त्यांना बाप्तिस्म्याची चोरी नव्हती, ती त्यांची अब्रू होती. बाप्तिस्म्यावाचून शिष्य राहण्याची मुभा पाहिजे होती ती ज्याला गमवायला वाडा, जानवं आणि पंगत होती त्याला. तेव्हा दरबाराचं दार रुंद केलं, ते कोणासाठी? संतांच्या भाषेत गायला बसणाऱ्या सुशिक्षित ब्राह्मण तरुणासाठी की मंडळीत मागच्या बाकावर बसणाऱ्या मांग बाईसाठी? महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यातली सोयरीक तेव्हा होत नव्हती, हे तर उघडच होतं. धर्मांतरानं जात जात नाही, ती ख्रिस्ती मंडळीतही आत येऊन बसते, हे आंबेडकरांनी पुढे फार स्पष्ट लिहिलं.

तरी टिळकांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. हा माणूस नगरला वीस वर्षं याच मंडळ्यांमध्ये राहिला होता, त्याच पोरांना शिकवलं होतं, त्यांच्याच घरी जेवला होता. साताऱ्यात येणाऱ्या उच्चवर्णीयाला तो जेव्हा दरबारात बस म्हणत होता, तेव्हा शेजारी कोण बसेल ते त्या पाहुण्याला निवडता येत नव्हतं. बाप्तिस्म्याची अट टिळकांनी सैल केली, पंगतीची केली नाही. दोन्हींतली कोणती अट जड होती, हे साताऱ्यातल्या तेव्हाच्या कोणत्याही पेठेत जाऊन विचारलं असतं तर कळलं असतं.

दरबार मोठा झाला नाही. त्याला वेळच मिळाला नाही. टिळक आजारी पडले, मुंबईला गेले आणि 9 मे 1919 रोजी तिथं वारले. साताऱ्यातली जेमतेम दोन वर्षं. दरबार हा त्यांच्या एकट्याच्या ओढीवर उभा होता, ती ओढ गेल्यावर माणसं पांगली. पुण्याला पुढे ख्रिस्त सेवा संघाचा आश्रम झाला, तो 1922 साली जॅक विन्स्लो या इंग्रज पाळकानं स्थापलेल्या संघातून. विन्स्लो टिळकांचे चाहते आणि चरित्रकार. गोरे आणि देशी एका घरात, एका ताटासारख्या ताटात जेवून राहतात, हे तिथं लोकांनी पाहिलं. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याचं अर्धं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ स्वतः लिहून पुरं केलं. मराठी शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईचं ते काम!

ज्या वर्षी टिळक गेले, त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला सातारा जिल्ह्यातच, कराडजवळच्या काले गावी, भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. जन्मानं जैन असलेल्या भाऊरावांचा टिळकांच्या दरबाराशी काही संबंध नव्हता. पण 1924 साली त्यांनी साताऱ्यात जे बोर्डिंग घातलं, त्यात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन पोरं एकत्र रांधून एकत्र जेवत. 1927 साली गांधीजी ते पाहून गेले. बोर्डिंगच्या कोठीत धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नीनं अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. तिचंही नाव लक्ष्मीबाई. ख्रिस्ताचं नाव न घेता साताऱ्यात ही पंगत बसली, हे पाहायला टिळक असते तर त्यांनी तिला दरबारच म्हटलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

पंथांच्या रेघा हळूहळू गेल्या. 1924 साली काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या एका चर्चमध्ये आल्या आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. बाप्तिस्म्याच्या वहीचं मात्र उलटंच झालं. 1950 सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीची मान्यता फक्त हिंदूंना दिली, 1956 साली शिखांना आणि 1990 साली बौद्धांना ती मिळाली, ख्रिस्ती दलिताला अजून नाही. बाप्तिस्म्याची नोंद झाली की दाखल्यावरची सवलत जाते. त्यामुळे रविवारी उपासनेला बसणारी, येशूवाचून दुसऱ्या कोणापुढे हात न जोडणारी कितीतरी महार-मांग घरं आज कागदावर हिंदू आहेत. टिळकांनी ज्यांची जागा धरून ठेवली होती, ते बाप्तिस्मा न झालेले शिष्य शंभर वर्षांनी आले, आणि ते वाड्यातून आले नाहीत. काही पाळक त्यांना प्रभुभोजनाला बोलावतात, काही मागे बसवतात. काठावर कोण आणि आत कोण याचा निवाडा वहीकडे द्यायचा नाही, असं साताऱ्यात 1917 साली ठरवलं होतं. ज्या पाळकांना आज हा प्रश्न पडतो, त्यांनी टिळकांच्या त्या दोन वर्षांचा अभ्यास करायला हवा, त्यातल्या आक्षेपांसकट.